कोरड्या बेअरिंगला ग्रीस

"हे काय आहे?" साहेबांनी पांढरं फडकं माझ्या नाकासमोर धरलं. "मला डोळे आहेत, तुलाही आहेत. सांग, काय आहे हे?"

फडक्यावर काळपट, ओलसर डाग होता. वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

"ग्रीस," मी म्हटलं.

"आणि बेअरिंग कुठलं?"

"कोरडं."

"मग कोरड्या बेअरिंगमध्ये ग्रीस आलं कुठून? आभाळातून पडलं?"

अख्ख्या हँगरमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलत होते. पान्यांची खणखण बंद पडली होती. माझे सगळे सहकारी आपापल्या पायांकडे बघत उभे होते, जणू बूट आजच विकत आणलेत.

मी शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरच होते. माझ्या डोक्यावर विमानाचं पोट, समोर चाकांच्या कप्प्याचं दार. विमान उडालं की चाकं पोटात जातात आणि ही दारं मिटतात. उतरताना आधी दारं उघडावी लागतात, मग चाकं बाहेर. दाराच्या बिजागरीत बेअरिंग असतं. पूर्वी ते धातूचं असायचं आणि त्याला सतत ग्रीस पाजावं लागायचं. आता जे बसवतो त्याच्या आत पॉलिमरचा पातळ थर असतो, प्लॅस्टिकच्या जातीचा. तो स्वतःच गुळगुळीत, त्याला वरून काही लागत नाही. घरातला न चिकटणारा तवा असतो ना, तसंच काहीसं समजा. उलट ग्रीस लावलं की घात. ग्रीसला धूळ चिकटते, तिचा लगदा होतो आणि तो लगदा थराला खरवडून खातो. थर गेला की दार अडकतं आणि दार अडकलं की चाकं आतच राहतात. पुढचं सांगायला नको.

"या दारावर शेवटचा शिक्का कोणाचा?" साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"माझा."

"दे इकडे."

मी खिशातून शिक्का काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढा रबरी शिक्का, त्यावर माझा नंबर. तो मिळवायला मी किती वर्षं लोकांच्या हातात पाने देत उभी राहिले, किती परीक्षा दिल्या, किती जणांचं "बाईमाणसाला कशाला हे" ऐकून घेतलं, ते माझं मला ठाऊक. शिक्का नसेल तर मेकॅनिक नुसता हमाल. एखादं काम पूर्ण झालं असं म्हणायचा हक्क त्याला नाही.

"जेवणानंतर केबिनमध्ये ये," साहेब म्हणाले. "चुकून हात लागला असं लिहून दे."

ते गेल्यावर मी टॉर्च मारून ते बेअरिंग पुन्हा पाहिलं. साहेबांनी पुसलं होतं ती बाजू सोडली तर उरलेल्या कडेनं ग्रीसची एक बारीक रेघ होती. सलग. कुठं फुगलेली नाही, कुठं तुटलेली नाही, बाहेर टिपूसभर सांडलेलं नाही. या बेअरिंगला ग्रीस भरायचं भोकच नसतं, त्यामुळे हे कोणीतरी बाहेरून, फटीतून, जीव ओतून भरलेलं होतं. चुकून हात लागला म्हणे! असा हात चुकून लागायला आधी तो असायला हवा. अख्ख्या हँगरमध्ये तसा हात एकाच माणसाचा आहे आणि तो माणूस माझा बाप आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांना हँगरमध्ये सगळे ग्रीसनाना म्हणतात. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. विमान आलं की ग्रीसगन घेऊन खाली शिरायचं आणि हलणारा प्रत्येक सांधा न्हाऊ घालायचा. त्यांच्या शर्टाला, डब्याला, आमच्या घरच्या पडद्यांनाही ग्रीसचा वास. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे बाप असेच वास मारतात. मग ही कोरडी बेअरिंगं आली आणि ग्रीसचा विभागच गुंडाळला. बाकीच्यांना इकडेतिकडे चिकटवलं. निवृत्ती तोंडावर आलेल्या बाबांना मागच्या स्टोअरमध्ये बसवलं, सुटे बोल्ट आकारानं वेगळे करायला.

मी शिडीवरून उतरले तशी लंबू पुढे आला. लंबू माझ्याच पाळीचा मेकॅनिक, शिडीशिवाय पंखाला हात लावणारा.

"ताई, चहा घे आधी."

"तू बघितलंस ना ते?"

"काय?"

"लंबू, तू बाबांच्या हाताखाली शिकलास. ती रेघ ओळखली नाहीस असं माझ्या डोळ्यांत बघून सांग."

त्यानं चहाच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे बसलेल्या सगळ्यांनीच ओळखली होती. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. शेवटी लंबूच कुजबुजला, "घे ना अंगावर. तुझा शिक्का फार तर काही महिने जाईल. नानांना मात्र काढून टाकतील गं. निरोपाची वर्गणीसुद्धा गोळा झालीये."

"आणि माझं?"

"तुझ्यापुढं अख्खं आयुष्य पडलंय."

"पडलंय ना! म्हणून तर सगळे त्यावर पाय देऊन उभे राहताय."

"चिडू नकोस. तू मुलगी आहेस त्यांची."

हे मला फार लागलं. मी त्यांची मुलगी नसून मुलगा असते तर हाच लंबू म्हणाला असता, बिचाऱ्याचं करिअर आहे. चहा तसाच टाकून मी उठले. तेवढ्यात खिशात फोन वाजला. आई होती.

"काय गं, काय झालं म्हणे तिकडे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"लंबूच्या बायकोनं. हे बघ, बाबांचं नाव काढू नकोस हो."

फडक्यावरचा डाग अजून वाळला नव्हता आणि बातमी आमच्या स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती!

"आई, त्यांनी काय केलंय माहितीये का तुला?"

"ग्रीसच लावलं ना? विष तर नाही कालवलं कुणाच्या ताटात! आयुष्यभर तेच केलं त्यांनी. म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत नागवं करू नकोस. बाप आहे तो तुझा."

"आणि मी कोण आहे तुझी?"

ती म्हणाली, "तू समजूतदार आहेस."

मी फोन कापला. माझ्या समजूतदारपणावर या घराची निम्मी भिंत उभी आहे आणि तिला प्लॅस्टर करायला कधी कोणी आलेलं नाही.

स्टोअर हँगरच्या पाठीमागे आहे. बाबा स्टुलावर बसून बोल्ट निवडत होते. समोर तीन ट्रे, नाकावर चष्मा, चेहऱ्यावर काहीही नाही.

"तुम्ही घातलंत ग्रीस?"

"कुठं?"

"बाबा, माझ्याशी खेळू नका."

त्यांनी हातातला बोल्ट बरोबर ट्रेमध्ये टाकला. "घातलं. थोडंसं."

"कशानं?"

"घरातली पिचकारी. औषध पाजायची."

"मी तुम्हाला सांगितलं होतं! जेवायच्या टेबलावर बेअरिंग ठेवून दाखवलं होतं. धूळ, लगदा, सगळं. तुम्ही म्हणालात, कळलं."

"कळलंच होतं. पटलं नव्हतं."

"मग भांडायचं होतंत! माझ्याशी भांडायचं, साहेबांशी भांडायचं. चोरासारखं कशाला?"

आता त्यांचाही आवाज चढला. "माझ्याशी भांडतंय कोण इथं? एक दिवस कामावर आलो तर माझी गन नाही, डबे नाहीत, कपाट पण नाही. विचारलं तर म्हणाले, नाना, ग्रीस बंद झालं, तुम्ही बोल्ट निवडा. बोल्ट! पोरं गारगोट्या निवडतात तसं. तुम्हा शिकलेल्यांना ही नवी बेअरिंगं हॉटेलात बसवून शिकवली. आम्हाला कोणी बोलावलं?"

ते खरं होतं. त्याचाही मला राग होताच, पण तो राग या रागाच्या आड येत नव्हता.

"म्हणून विमानावर सूड?"

"तोंड सांभाळ." त्यांनी चष्मा काढला. "सूड घेईन मी विमानावर? एकदा दाराच्या बिजागरीची एक पिन कोरडी राहिलेली बघितलीये मी. दार उघडलं नाही. विमान पोटावर घासत आलं. माणसं वाचली, पण ज्याच्या हातून ती पिन राहिली तो माझ्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड मी पाहिलंय. त्या दिवसापासून एक सांधा उपाशी ठेवला नाही. आणि आता तू म्हणतेस, कोरडं राहू द्या. हातच मागे येत नाही माझा."

"ते लोखंड होतं, बाबा! हे लोखंड नाही! याला भूक नाही!"

"असं तू म्हणतेस."

मला वाटलं, ट्रे उचलून सगळे बोल्ट जमिनीवर ओतावेत. स्वतःला आवरून मी विचारलं, "अजून कुठं कुठं घातलंय?"

"हात पोचला तिथं सगळीकडे."

"सगळ्या विमानांना?"

"सगळ्यांना. आपण काय एकाला जेवायला घालतो आणि दुसऱ्याला नाही?"

"संध्याकाळी जायचंय, त्यालाही?"

"त्याला तर सगळ्यात आधी."

मी शेजारच्या खोक्यावर बसले. सकाळपासून मी माझ्या शिक्क्यासाठी जळत होते. घ्यायचं की नाही अंगावर, एवढाच हिशोब डोक्यात होता. आता तो हिशोबच उरला नाही. मी गप्प बसले तर एकच विमान साफ होणार आणि बाकीची लोकांना घेऊन उडणार.

"मी साहेबांना सांगणार आहे," मी म्हटलं. "तुमचं नाव घेऊन."

"सांग की. मी कुठं लपून बसलोय?"

"सकाळपासून लपूनच बसलायत! तिकडे माझा शिक्का काढून घेतला त्यांनी."

त्यांचा हात थांबला. "तुझा? तुझा का?"

"दार माझं आहे. ग्रीस मीच लावलं म्हणतायत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यांना वाईट वाटेल, माझी कीव येईल. कसलं काय!

"तू?" ते म्हणाले. "तुला जमेल का तसं? घरी कुलपाला तेल घालायला सांगितलं तर अख्खं दार माखतेस. कोणाला वाटलं ते तुझं काम?"

"सगळ्यांना तसंच मानायचंय."

ते स्टुलावरून उठले. गुडघे कटकन वाजले. "चल," ते म्हणाले, आणि माझ्या पुढे चालू लागले.

साहेबांच्या केबिनला मोठी काच आहे. तिच्यातून समोरचं आवार दिसतं. संध्याकाळचं विमान बाहेर उभं होतं आणि त्याला ओढून न्यायला टग, म्हणजे छोटा ट्रॅक्टर, जोडत होते. साहेबांच्या टेबलावर माझा शिक्का होता आणि शेजारी कोरा कागद.

बाबांना पाहून साहेबांचा चेहरा कसनुसा झाला. "नाना, तुम्ही कशाला आलात?"

मीच बोलायला लागले. "साहेब, ग्रीस एका विमानात नाही, सगळ्यांत आहे. ते बाहेर निघालंय, त्यातही. त्याला थांबवा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुला कळतंय का काय बोलतेस ते? सगळी विमानं जमिनीवर बसवून ठेवू? वरून मला काय विचारतील याची कल्पना आहे?" त्यांनी आवाज उतरवला. अगदी गोड केला. "हे बघ. चुकून तुझा हात लागला. एक विमान, एक बेअरिंग, एक चूक. आज बदलून टाकू. थोड्या दिवसांत तुझा शिक्का तुझ्या हातात. मिटलं."

तेव्हा मला कळलं की साहेबांनीही ती रेघ ओळखली होती. सकाळीच. माझ्या नाकासमोर फडकं धरलं तेव्हाच. लंबूला नानांची दया होती, आईला नवऱ्याची अब्रू जपायची होती आणि यांना स्वतःच्या खुर्चीची काळजी होती. तिघांची कारणं वेगळी आणि मान एकच, माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरही घरचाच आणि संन्यासीही घरचाच.

"मी लिहून देणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे ते कोणाचं काम आहे. विचारा त्यांना. समोर उभे आहेत."

साहेब बाबांकडे वळले. शब्द तोलत म्हणाले, "नाना, नीट विचार करून बोला हं. पुढच्या महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे. तुमचा याच्याशी काही संबंध नाही. हो ना?"

साहेबांनी सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं आणि बाहेर जायची वाटही दाखवली होती. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान हलवली असती तर मी पुन्हा कधीच पाहिलं नसतं.

"आधी त्या टगवाल्याला थांबवा," बाबा म्हणाले.

"नाना..."

"नाना नाना काय करताय? थांबवा म्हटलं ना! माझं चूक की बरोबर, ते तुम्ही शिकलेले ठरवा. मला अजून वाटतं मी बरोबर आहे. पण तुम्ही चूक म्हणताय ना? मग चूक असेल असं समजून थांबवा. आणि म्हणे हिचा चुकून हात लागला! तशी रेघ ओढायला जन्म गेलाय माझा. माझं काम दुसऱ्याच्या नावावर लावायला तुम्ही कोण? ते माझं आहे. सगळ्या विमानांतलं माझं आहे. लिहा."

साहेबांनी फोन उचलला आणि टग सोडवायला सांगितलं. बोलता बोलताच त्यांनी माझा शिक्का टेबलावरून माझ्याकडे ढकलला. नजर दिली नाही. "तुमचा पास जमा करावा लागेल," ते बाबांना म्हणाले.

"करा."

"गेटवरचा माणूस बोलावतो."

"बोलवा. तोवर कुठं कुठं घातलंय ते दाखवतो. नाहीतर तुम्ही शोधत बसाल."

दुपारभर आम्ही बेअरिंगं काढत होतो. संध्याकाळचं विमान पहिलं आत घेतलं. बाबा खाली उभे राहून बोटानं दाखवत होते, इथं, इथं, त्या मागच्या कोपऱ्यात. लंबू एकेक बेअरिंग दाबून बाहेर काढत होता आणि मी ते पुसून ट्रेमध्ये ठेवत होते. काळा, दाट लगदा निघत होता. त्याखालचा थर कुठं सोललेला, कुठं चिंध्या झालेला. एका ठिकाणी तर थर पार जाऊन धातूवर धातू घासला होता. लंबूनं ते बेअरिंग हातात धरून शीळ घातली, मग बाबांकडे बघून ओठ मिटले. सकाळी चहाच्या टेबलावर मला शहाणपण शिकवणारे सगळे आता शिडीच्या भोवती उभे होते आणि कोणी बोलत नव्हतं. बोला ना आता, घे अंगावर म्हणा, असं ओरडावंसं वाटलं मला.

"ते वरचं राहिलंय," कोणीतरी म्हणालं.

"त्याला नाही घातलं," बाबा म्हणाले. "पिचकारी पोचत नव्हती तिथं. गुडघ्यामुळं आणखी वर चढता आलं नाही."

लंबूनं तेही काढलं, कारण आता कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता. मी पुसायला फडकं लावलं, पण पुसण्यासारखं काही नव्हतं. ते कोरडं होतं. आतला थर जसा बसवला तसा, उलट वापरानं आणखी तुळतुळीत झालेला.

"बघू," बाबांनी हात पुढं केला.

मी दिलं. ट्रेमधलं एक खरवडलेलं त्यांनी स्वतःच उचललं. दोन्ही जवळ धरून त्यांनी पाहिली, एकाच्या आतून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या. त्यांना सांगायची गरज नव्हती. माझं त्यांना कधी पटलं नसतं, पुस्तकातलं पटलं नसतं, पण स्वतःच्या बोटाशी भांडायचं कसं?

"हे विमान आज जाणार होतं," ते म्हणाले.

"हो."

"माणसं किती?"

"भरलेलं होतं."

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, बघा, बघा म्हणून. आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता. दोन्हीतलं एकही मी केलं नाही. माझा राग अजून गेला नव्हता आणि तो इतक्यात जाणारही नव्हता.

गेटवरचा माणूस येऊन बाजूला उभा राहिला होता. बिचारा अवघडला होता. "नाना, सावकाश," तो म्हणाला, "उद्या आणून दिलात तरी चालेल."

"उद्या कशाला?" बाबांनी गळ्यातला पास काढून त्याच्या हातात दिला. मग ते उठले. निघालेच होते.

तोपर्यंत नवी बेअरिंगं आली होती, सीलबंद पाकिटांतून. लंबूनं एक पाकीट दातांनी फाडलं आणि आतलं काढायला बोटं घातली.

"ए!" बाबा इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या विमानाखालचे लोकसुद्धा बाहेर आले. "हात बघ स्वतःचे! ग्रीसनं बरबटलेत. त्या हातानं घालणार ते?"

लंबू जागच्या जागी थिजला.

"जा," बाबा म्हणाले. "साबणानं धुऊन ये आधी. कोपरापर्यंत. आणि पुसून मला दाखव."

लंबूनं पाकीट माझ्याकडे दिलं आणि तो नळाकडे गेला. त्याच्यामागे बाकीचेही एकेक करून गेले. बाबांच्या गळ्यात पास नव्हता. गेटवरचा माणूस वाट बघत होता. ते तसेच हँगरच्या मध्यभागी उभे राहिले आणि परत आलेल्या प्रत्येकाचे हात त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले.